खिडकी उघडते का?

अंथरूण पाहून पाय पसरले आम्ही, चाळीस वर्षं.
या खेपेला म्हटलं, आधी पाय पसरू.
अंथरूण इस्तंबूलचं निवडू.

हेझलनटची वरची बाग विकली, तिचे पैसे
बिस्किटांच्या डब्यात आहेत.
इस्पितळाचे वेगळे काढले, त्यांना हात नाही.
उरल्यात दोन रात्री बसतील,
काटकसर केली तर तीन.
नेझाहात म्हणते, काटकसरच करायची
तर गुलसेरेनच्या सोफ्यावर निजू की.
म्हणून दोनच.

लेकीनं हॉटेलांची पानं छापून पाठवली.
त्यांवर चहाचे डाग पडलेत, आमच्याच डोंगरावरच्या चहाचे,
ज्याची पोती मी कारखान्याच्या दारात तोलली
आणि कुणाचं पान कधी हलकं केलं नाही.

एका पानावर नुसता संगमरवर. इतका, की
नेझाहात म्हणाली, इथं निजवतात की पुरतात?
एका ठिकाणी चौदा जातींच्या उशा.
डोकं एकच आणतोय म्हणावं.
तळघरात पोहायचं तळंही आहे कुठेसं,
काळ्या समुद्राच्या काठी जन्म गेलेल्यांसाठी!
मी तारे मोजले. पाच. सगळ्यांना पाचच.
आमच्या गच्चीवरून, धुकं नसलं की,
याहून बरे दिसतात.

ती एकेक पान नाकाशी नेऊन बघते.
डाव्या डोळ्यानं. उजव्यात आता ऊन तेवढं येतं,
वस्तू येत नाहीत.
डावा वाचेल, डॉक्टर म्हणाले, बहुतेक.
तो 'बहुतेक' मी घरी आणून तोलून पाहिला.
काटा अजून थरथरतोय.

शेवटी मीच फोन लावले.
खोलीची खिडकी उघडते का?
साहेब, आमच्याकडे तापमान नियंत्रित असतं.
मी म्हटलं, खिडकी.
तो म्हणाला, तापमान.
दुसरीकडे एका यंत्रानं बाईच्या आवाजात
तुर्की, अरबी, रशियन यांतलं एक निवडायला लावलं
आणि तिन्हीत थांबायला सांगितलं.
आणखी एकानं विचारलं, कुठून बोलताय?
चायेलीच्या वरून, म्हटलं.
मग त्यानं दर पुन्हा सांगितला, सावकाश,
बहिऱ्याला सांगावा तसा.

राहिलं एक. यादीतलं सगळ्यात जुनं.
गुलसेरेननं त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलेलं.
फोनवर एक पोरगी, नाव बेल्गिन.
खिडकी उघडते का?
ती गप्प झाली.
मग म्हणाली, काका, खरं सांगू?
मी त्या मजल्यावर कधी गेलेच नाही.
थांबाल जरा?

थांबलो.
फोन तिनं तसाच ठेवलेला असावा टेबलावर,
बॅगांची चाकं ऐकू येत होती,
कुणीतरी शिंकलं, कुणीतरी हसलं.
माझा चहा निवला. नेझाहातनं दुसरा ओतला,
पेल्याच्या काठाला बोट लावून.
किती भरला ते हल्ली ती बोटानंच बघते.

बऱ्याच वेळानं धापा टाकत आवाज आला.
उघडते, काका. वीतभरच.
अडसर आहे, पण हात जातो बाहेर,
मी घालून पाहिला.
समोरून फेरीबोटी जातात. कठड्यावर एक समुद्रपक्षी बसलाय,
हुसकावला तरी हलत नाही मेला.

वास कसला येतो?
हे नेझाहातनं विचारलं, माझ्या हातून फोन ओढून.
डिझेलचा, पोरगी म्हणाली.
आणि कोळशावरच्या माशांचा. चालेल का?

दर विचारायचा राहिलाच.
गुलसेरेन ओरडली. तिनं विचारून कळवला,
आम्ही डबा पालथा करून पुन्हा मोजले.
एकच रात्र बसते.
दुसऱ्या रात्री सोफा.

नेझाहातनं बॅगेत स्वतःची उशी कोंबली आहे.
मला उद्या परत फोन करायचाय त्या पोरीला,
तिला पुन्हा एवढे जिने चढवायचे जिवावर येतं, पण विचारायला हवं,
पलंगावर उताणं पडलं
की खिडकी कुठल्या हाताला येते?
डाव्या यायला हवी.